अण्णांचा होकार आणि गाडीचा आवाज

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. मीठ मागितलं तरी चार घरं सोडून कळायचं, की आमच्याकडची आमटी आज अळणी झालीय. पहिल्यांदा आलेला पाहुणा, भांडण चाललंय असं समजून हळूच चपला शोधायला लागायचा. मग आई त्याला तेवढ्याच पट्टीत "अहो बसा, चहा टाकलाय!" असं सांगून आणखी घाबरवायची. मला वाटायचं जगातली सगळी घरं अशीच असतात. कॉलेजात गेल्यावर एका मित्राकडे गंगापूर रोडला जेवायला गेलो, तर ती चार माणसं इतकं हळू बोलत होती की घरात कुणी आजारी असावं असं मला वाटलं. मी आपलं नेहमीसारखं "पोळी द्या!" म्हणालो, तर त्याच्या आजीच्या हातातली वाटीच पडली. पुन्हा त्या घरी मला कुणी जेवायला बोलावलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्यावर डाय, म्हणजे लोखंडी साचा, आपटायची, की जमीन हादरायची, आणि हे दिवसभर चालायचं. एकदा मी डबा द्यायला गेलो होतो, तर तिथली माणसं एकमेकांशी हातानेच बोलत होती. दोन बोटं ओठाशी नेली की चहा, मूठ उलटी केली की मशीन बंद कर. मला तो खेळ फार आवडला होता. घरी अण्णांचा एक नियम होता. जे काही बोलायचं ते समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलायचं. पाठीमागून बोललेलं ते ऐकूनच घ्यायचे नाहीत, वळायचेसुद्धा नाहीत. आई म्हणायची, "बघा, मागून बोलणं त्यांना खपत नाही, तत्त्वाचा माणूस आहे." आम्ही दोघं भावंडं, सुनीताताई आणि मी, या तत्त्वावर वाढलो. निबंधातसुद्धा मी ते लिहिलं होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा ती आधीच दोन मालकांकडे नांदून आली होती. पांढरी, छोटी, एका दाराला वेगळ्या पांढऱ्या रंगाचा हात मारलेला. अंबडजवळच्या आमच्या कॉलनीत तेव्हा गाड्या मोजक्याच. अण्णा कंपनीत बसनेच जायचे, गाडी फक्त रविवारी बाहेर निघायची. पण रोज संध्याकाळी ते जुनं बनियन घेऊन ती पुसायचे. चालवताना मात्र त्यांचं काहीतरी बिनसायचं. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी किंचाळत न्यायचे, नाहीतर चौथ्यात टाकायचे आणि ती चढावर धापा टाकायची. आई म्हणायची, नवीन शिकलेत, येईल हात. हात काही आला नाही.

मी तेव्हा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझ्या डोक्यात आवाज शिरला होता. कॉलेज रोडला संध्याकाळी मुलं गाड्या घेऊन फिरायची, आणि ज्याची गाडी जास्त गुरगुरते त्याच्याकडे पोरी बघतात अशी आमची ठाम समजूत होती. बघायच्या त्या, नाही असं नाही, पण कपाळाला आठ्या घालून. हे समजायला मला फार वर्षं लागली. आज माझ्या खिडकीखालून तसली गाडी गेली की मी स्वतःच बाल्कनीत येऊन शिव्या घालतो, आणि बायको आतून म्हणते, "बोलणारे बघा कोण!"

द्वारका चौकाच्या पुढे एका बोळात सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. मी गाडी नेली आणि आवाज मोठा करायचाय असं सांगितलं. सलीमभाई गाडीखाली आडवे झाले, काहीतरी ठोकून पाहिलं आणि तिथूनच म्हणाले, "देख भाई, ये जो डब्बा है ना, यही आवाज खातो. हा काढायचा, सीधा पाइप टाकायचा. मग बघ, शेर!" मग त्यांनी तो डबा, म्हणजे सायलेन्सर, कापून काढला. आत जाळीची नळी आणि काळा पडलेला कापूस निघाला. त्या जागी त्यांनी सरळ पाइप जोडला आणि टोकाला पेल्याएवढ्या तोंडाची चकचकीत नळी लावली. गाडी चालू केली तर शेजारच्या दुकानातला टायरवाला धावत बाहेर आला. जुना डबा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात देत सलीमभाई म्हणाले, "संभाल के रख. तुझे वडील तुला परत पाठवतील."

पाठवतील याची मलाही खात्री होती. गाडी कॉलनीत शिरली तेव्हा आमच्या मांडणीवरची झाकणं थरथरली म्हणे. आई हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. ती जे बोलली ते मी ऐकू शकलो नाही, एवढाच त्या आवाजाचा फायदा झाला. अण्णा फर्स्ट शिफ्ट करून आले, जेवले, आणि माझ्याकडे किल्ली मागितली. माझी पाचावर धारण बसली. ते एकटेच चक्कर मारायला गेले. गाडी पाथर्डी फाट्याकडे गेली, तिथून वळली, परत आली, हे सगळं आम्ही घरात बसून ऐकलं. गंमत म्हणजे गिअर अगदी जिथल्या तिथे पडत होते. अण्णा उतरले ते हसत. असे हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय केलंस रे हिला? लय भारी चालतेय!" मी पुटपुटलो, "सर्व्हिसिंग." आईने आ वासला तो मिटायलाच तयार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा गाडी कंपनीत न्यायला लागले. पहाटे. समोरच्या बंगल्यातले निकम काका नुकतेच बँकेतून निवृत्त झाले होते आणि नेमके त्याच वेळी गच्चीवर ध्यानाला बसायचे. चार दिवस त्यांनी मन आवरलं, पाचव्या दिवशी ते आले. अण्णा फाटकाशी वाकून गाडीचं चाक पुसत होते. काकांनी बाजूला उभं राहून शांतपणे, सुशिक्षित माणसाच्या आवाजात, बराच वेळ आपलं म्हणणं मांडलं. अण्णा मान डोलावून "हो हो, बरोबर आहे तुमचं, करू की," म्हणाले. काका समाधानाने गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ढर्रर्र. काका पुन्हा आले, अण्णा पुन्हा "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणाले. हे इतक्यांदा झालं की काकांना तो आपला अपमान वाटायला लागला. "नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं हो," ते आईला म्हणाले, "या हो म्हणणाऱ्याचं मी काय करू?" आईही अण्णांच्या होकाराला वैतागलेली होती. गॅस संपला, हो. नळ गळतोय, हो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी आईनेच हुकूम सोडला, की जुना डबा परत बसवून आण. रविवारी आम्हाला सगळ्यांना चांदवडला आत्याकडे जायचं होतं, आणि असल्या फटफटीत बसून आपण माहेरी-सासरी कुठेच जाणार नाही, असं तिने ठणकावलं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिचा निरोप आला होता, "ठरल्याप्रमाणे रविवारी सगळे या, पोरीला घेऊन या." आईने अण्णांना विचारलं, काय ठरलंय? अण्णा म्हणाले, "देवीचं जेवण असेल, दुसरं काय." शनिवारी दुपारी अण्णा झोपले असताना मी आणि ताईने गाडी बंद ठेवून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. ते आठवलं की आजही हसू येतं. सलीमभाईंनी एक शब्द न विचारता डबा परत जोडून दिला.

रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी, आई आणि ताई मागे, आईच्या मांडीवर आत्यासाठी चिवड्याची पिशवी. अण्णांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, मांजरासारखी गुरगुरायला लागली. अण्णा थोडा वेळ थांबले, मान तिरकी केली, आणि पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर फिरला की जो कर्रर्र आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्याच्या दातांना तो आठवतो. अण्णा म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं." पुन्हा कर्रर्र. निकम काका झारी घेऊन फाटकात उभे होते, ते ओरडले, "अहो, चालू आहे की!" अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा कर्रर्र. मग मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते माझ्याकडे वळले, आणि मी म्हणालो, "अण्णा, गाडी चालू आहे." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग डावा हात डॅशबोर्डवर सपाट ठेवला, थरथर जाणवेपर्यंत ठेवला, आणि म्हणाले, "हं. घाईत कळलं नाही."

आडगावपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्येच रडत गेली. मागून एक ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकला आणि शेवटी डावीकडून शिव्या देत निघून गेला. ताई नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती बराच वेळ अण्णांच्या मानेकडे बघत होती. एकदम, अगदी नेहमीच्या आवाजात, म्हणाली, "अण्णा, मी पळून जाऊन लग्न करतेय." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. अण्णा रस्त्याकडे बघत शांतपणे गाडी चालवत होते. ताई पुन्हा म्हणाली, "अण्णा, उद्याच करतेय. मुलगा सर्कशीतला आहे." अण्णांनी आरसा पुसला. आईचा हात हवेतच राहिला. मग आमच्या घरात कधीच न घडलेली गोष्ट घडली. आई कुजबुजली. "कधीपासून गं?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली. मला माझा तो निबंध आठवला. आमच्यावर झालेले निम्मे संस्कार एका बंद पडत चाललेल्या कानाने केले होते, आणि आम्ही इतकी वर्षं त्याला तत्त्व समजत होतो.

पिंपळगाव गेलं, वडनेर गेलं. आत्याच्या दारात पोचलो तर अंगणात कापडी मांडव घातलेला, चुलीवर मोठ्या कढईत बुंदी पडत होती, आणि सतरंजीवर टोप्या घातलेले पंधरा-वीस पुरुष बसलेले. देवीच्या जेवणाला एवढे लोक बसतात, पण ताटात सुपाऱ्या आणि हिरवी साडी नसते. आत्या ताईला मिठी मारून म्हणाली, "चल बाई आत, साडी नेस. पाव्हणं कवाचं येऊन बसलेत." आईने विचारलं, "अक्का, हे काय?" आत्या चकित झाली. "काय म्हंजी? सुपारी फोडायची ना आज! माझ्या कमलच्या लग्नात मी अण्णाला इचारलं, आमच्या पुतण्याला तुझी सुनी दे. ह्यो म्हणला, हो हो, बरोबर हाय तुझं. चार माणसांसमोर म्हणला. तिथंच बॅण्डपाशी उभा व्हता."

बॅण्डपाशी! आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मुलगा वाईट नव्हता हे मी इथे नोंदवतो. कांद्याचा व्यापार करायचा, लाजरा होता, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. पण ताईला नोकरी करायची होती, तिने वॉर्डच्या रात्रपाळ्या काढून शिक्षण पुरं करत आणलं होतं, आणि चांदवडच्या त्या मोठ्या एकत्र घरात सुनेला बाहेर पाठवण्याची रीत नव्हती. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून माझा दंड इतका घट्ट धरून होती की त्यावर वळ उठले. "राजू, मला नाही करायचं," एवढंच ती म्हणत होती. आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. आमच्याकडे भावाने बहिणीला दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. अण्णांनी तो मोडला, तर आत्याला सासरी मान वर करता आली नसती. आणि पाळला तर ताई गेली.

अण्णा सतरंजीवर बसले होते आणि एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे त्यांना काहीच कळत नव्हतं. मुलाचे वडील, म्हणजे आत्याचे दीर तात्या, काहीतरी म्हणाले आणि अण्णांची मान सवयीने डोलायला लागली. मी धावत जाऊन त्यांच्या समोर उकिडवा बसलो, त्यांचे दोन्ही गुडघे धरले आणि सावकाश सांगितलं, "अण्णा, लग्नात बॅण्डजवळ आत्याने ताईला मागणी घातली. तुम्ही हो म्हणालात. आज सुपारी आहे. ताईला नको आहे." त्यांनी एक-एक शब्द माझ्या ओठांवरून उचलला. मग दाराकडे पाहिलं. ताई तिथे उभी होती, डोळे भरलेले. अण्णांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या बोलण्याचंच वाईट वाटलं. कंपनीत, कॉलनीत, घरात, सगळ्यांपासून त्यांनी जे इतकं जपून लपवलं होतं ते आता पंधरा-वीस टोप्यांसमोर सांगायचं होतं, नाहीतर मुलगी द्यायची होती.

ते उठून उभे राहिले आणि काहीतरी बोलले. जन्मभर ओरडून बोललेला माणूस त्या एका वेळी इतक्या हळू बोलला, की मागे बसलेले "काय म्हणले? काय म्हणले?" करायला लागले. मग अण्णांनी श्वास घेतला आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाय! लय वर्सं झाली!" बुंदी पाडणारा झारा घेऊन तसाच थांबला.

आत्या पुढे आली, थेट अण्णांच्या तोंडासमोर. "मंग मुडद्या, हो कशाला म्हणतोस?"

"अक्का, नाय म्हणलं की लोक का म्हणून इचारतात," अण्णा म्हणाले. "हो म्हणलं की जातात."

सगळ्यात आधी हसला तो खांबाला टेकलेला नवरदेव. मग बायकांमध्ये खसखस पिकली. तात्या मात्र लाल झाले होते. "पाव्हणं, शब्द तो शब्द. आईकला नाय म्हणून तो उडून जातो का?" अण्णांनी हात जोडले. म्हणाले, "तात्या, मी तुमचा गुन्हेगार हाय. पर पोरीचा त्यात काय गुन्हा? तिला इचारा. ती काय म्हणती ते मी तिच्या तोंडाकडं बघून घेतो." ताई बाहेर आली. ती अण्णांच्या समोर उभी राहून नीट म्हणाली, "मला नोकरी करायची आहे. हे लग्न नको." अण्णा तात्यांकडे वळले आणि म्हणाले, "हे आईकलं मी." आत्याने कमरेवर हात ठेवले. एकदा दिराकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग सुपारीचं ताट उचलून आत नेत म्हणाली, "बुंदीवर राग काढू नका कुणी. पानं मांडा." तात्या जेवले, पण अण्णांशी बोलले नाहीत. पुढेही बरीच वर्षं बोलले नाहीत. ती किंमत आत्याने मुकाट भरली, आणि तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

निघताना अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारी बसले. वडनेरच्या अलीकडे माझ्याकडे वळून म्हणाले, "ती नळी होती ना, तिनं मला गाडी कळायची रे. गिअर कधी टाकायचा ते पायातून, छातीतून कळायचं. लय वर्सांनी काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं." मी म्हणालो, उद्या परत बसवू. ते म्हणाले, "नको. निकमांनी लय सोसलं." कानाचं मशीन पुढे आलं, त्याचीही रडकथा मोठी आहे, ती इथे सांगत नाही. त्या वेळी मला एवढंच कळलं, की माझ्या चंगळीने त्यांना काहीतरी दिलं होतं आणि तेही आता गेलं. मला फार वाईट वाटलं.

आरशात पाहिलं तर ताई रडत होती. आवाज न करता नाही, चांगली हुंदके देऊन. आई तिला थोपटत होती. अण्णा समोर रस्त्याकडे बघत बसले होते, त्यांना पत्ताच नव्हता. मी पिंपळगावच्या आधी कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गाडी बाजूला घेतली आणि अण्णांना हाताने मागे दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं. ते उतरले, आईला पुढे बसायला लावलं आणि स्वतः ताईजवळ जाऊन बसले, तिचा चेहरा समोर येईल असे, दाराला पाठ लावून. आईने मला हळू चालवण्याची ताकीद दिली. मागे ताई बोलत होती, रडत होती, पुन्हा बोलत होती. आणि नाशिक येईपर्यंत अण्णा एकदाही हो म्हणाले नाहीत. दर दोन वाक्यांनी तिला थांबवून म्हणत होते, "काय म्हणालीस? पुन्हा सांग, बाळा. मला कळलं नाय."